विंचवाचा उजेड

मानवतच्या शाखेत असताना कॅशियरच्या टेबलावरच्या जांभळ्या दिव्याशी माझी चांगलीच ओळख झाली. कापसाचा हंगाम आला की नोटांच्या बंडलांतून संशयित नोट त्याखाली धरायची. खऱ्या नोटेचा कागद कापसाच्या तंतूंचा. तो काळसर राहतो, क्रमांक आणि सुरक्षा धागा चमकतात. साधा पांढरा कागद मात्र निळसर उजळून निघतो.

याच अतिनील प्रकाशात विंचूही चमकतो, हे निवृत्तीनंतर कळले. मृगाच्या आधीच्या एका अमावास्येला नातू आणि मी मित्राच्या शेतातल्या दगडी बांधावर गेलो. सोबत सालदार होता. कॅमेरा तिवईवर, फ्लॅश बंद, झडप आठ सेकंद उघडी. ३६५ नॅनोमीटरची बॅटरी दगडाच्या फटीवर धरली आणि घड्याळातल्या रेडियमच्या काट्यांसारखा हिरवट-निळा विंचू समोर आला!

त्याच्या कवचातली द्रव्ये डोळ्यांना न दिसणारे किरण शोषतात आणि दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात. नुकती कात टाकलेला विंचू चमकत नाही. कवच कडक होऊ लागले की चमक येते. उजेड जास्त वेळ राहिला तर तो फटीत सरकतो. आमची पहिली दोन छायाचित्रे त्यामुळेच हलली. तिसरे साधले.

सालदाराच्या हातात चप्पल होती. "माझी बहीण इच्चू चावूनच गेली, सायब," तो म्हणाला.

लाल विंचवाचे विष हृदयावर आणि फुप्फुसांवर घाला घालते. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात महाडला प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यावर वापरले आणि असंख्य जीव वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सालदाराच्या बहिणीपर्यंत ते औषध पोहोचले नव्हते.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर मी त्याला छायाचित्र दाखवले. त्याने क्षणभर पाहिले.

"फोटो ऱ्हाऊ द्या सायब, ही बॅटरी कितीला पडती? बाया पहाटं अंधारात सरपण उचलत्यात."

नातवाने माझ्याकडे पाहिले. डोळ्यांवर रोखायची नाही, एवढे बजावून बॅटरी त्याच्याकडेच ठेवून आम्ही परतलो.