शेळीच्या हाडासाठी मांडव

गेल्या महिन्यात तळेऱ्याच्या तिठ्यावर आमच्या गटातल्या एकीच्या शेळीला गाडीची धडक बसली. मागचा पाय मोडला. प्लास्टर घातलं, आता ती पाय टेकत टेकत चरते. पण मालकिणीने विचारलं, हाडाचा तुकडाच चुरा होऊन गेला असता तर? आम्ही माहिती काढली, ती आज सांगतो.

मोडलेल्या हाडाची टोकं जवळ असली आणि हलली नाहीत, तर हाड आपोआप सांधतं. मोठी फट पडली तर मात्र नाही. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कुत्र्यांच्या मांडीच्या हाडात २१ मिलिमीटरची फट ठेवली होती. नुसती ठेवलेली एकही फट भरली नाही.

अशा वेळी शास्त्रज्ञ मांडव घालतात. पावसाळ्यात आपण दोडक्याला घालतो ना, तसाच. हा मांडव कॅल्शियम आणि फॉस्फेटचा, म्हणजे हाडात असतं त्याच मालाचा, आणि बारीक भोकाभोकांचा. त्यावर पेरायचं बी मिळतं हाडाच्या मगजात. मटणाची नळी चोखताना येतो तोच मगज. त्यात हाड घडवू शकणाऱ्या थोड्या पेशी असतात. त्या जनावराच्याच मगजातून घेतात, प्रयोगशाळेत वाढवतात, मांडवावर पेरतात आणि तो फटीत बसवतात. हाड वाढतं तसा मांडव हळूहळू विरघळतो.

हे काम शेळ्यांवरही झालं आहे, तेही आपल्याच देशात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतल्या संशोधकांनी शेळ्यांच्या मांडीच्या हाडातली २ सेंटिमीटरची फट अशी भरली. २००९ साली ते प्रसिद्ध झालं. नुसत्या मांडवापेक्षा पेशी पेरलेल्या मांडवावर हाड जास्त चांगलं धरलं. फट मुद्दाम पाडलेली होती, हे ऐकून आमच्यातल्या दोघी-तिघी हळहळल्या, ते वेगळं.

अडचण कुठे आहे? दाट मांडवाच्या मधोमध रक्त पोचत नाही आणि तिथल्या पेशी मरतात. शिवाय पेशी वाढवायला आठवडे जातात, खर्च मोठा. आपल्या गावच्या दवाखान्यात हा उपचार मिळत नाही. ‘मूळ पेशींचं इंजेक्शन’ म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

आपल्या हातात आहे ते फट वाढू न देणं. शेळीचा पाय मोडला तर तो चोळू नका, ओढू नका. कापूस किंवा मऊ फडका गुंडाळा, दोन्ही बाजूंना बांबूच्या कामट्या लावा. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा सांधाही त्यात आला पाहिजे. फार आवळू नका. खूर उघडा ठेवा, थंड पडला तर बांधलेलं सैल करा. हाड बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका, स्वच्छ कापडाने झाका. मग १९६२ वर फोन करा, तो फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा मोफत नंबर आहे. आणि डॉक्टर येईपर्यंत खाटकाला बोलावू नका गो.