ईमेलमधून ‘नाशिक’ कसं जातं?

देशाची टपाल तिकिटं छापली जातात आपल्या नाशिकरोडला. कागदी पाकिटावर मराठीत ‘नाशिक’ लिहा, पोस्टमन बरोबर आणून देतो. पण ईमेलवर? समजा, एखाद्या बागायतदाराने ‘द्राक्ष@नाशिक.भारत’ असा पत्ता घेतला. जाईल त्यावर पत्र?

जाईल! फक्त वाटेत जे घडतं ते पाहून थक्क व्हायला होतं.

अडचण जुनी आहे. ईमेल पोचवण्याचे नियम १९८२ साली ठरले, तेव्हा त्यांत जागा होती अवघ्या १२८ चिन्हांना: रोमन अक्षरं, आकडे, विरामचिन्हं वगैरे. देवनागरीने जायचं कसं? वेश पालटून! आणि गंमत म्हणजे एकाच पत्रात दोन निरनिराळे वेश.

आधी विषयाची ओळ. ‘नाशिक’मध्ये आपल्याला अक्षरं दिसतात तीन, संगणकाला खुणा दिसतात पाच: न, काना, श, वेलांटी, क. प्रत्येक खूण तीन बाइटची. जुनी रीत अशी, की दर तीन बाइटांची चार रोमन चिन्हं करायची. ‘न’चं होतं ४-के-एस-ओ. बाकीच्या चार खुणा? त्याही ४-के-एसनेच सुरू होतात, बदलतं ते फक्त चौथं चिन्ह!

‘@’च्या उजवीकडे मात्र ही युक्ती चालत नाही. का? तिच्यात कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगवेगळी धरतात, डोमेनच्या नावात हा भेदच नसतो. तिथे कामाला येतो ॲडम कॉस्टेलो यांनी रचलेला, २००३ सालचा पनीकोड. त्याच्या हातात ‘नाशिक’ पडलं की बाहेर येतं: एक्सएन, दोन आडव्या रेघा आणि ११बी१बी२बी५एजी.

अगम्य वाटतं ना? पण बघा. पनीकोड खुणा त्यांच्या युनिकोड क्रमांकाप्रमाणे लावून घेतो. सर्वांत लहान क्रमांक ‘क’चा. रोमन अक्षरांपासून तिथवरची उडी लांब, म्हणून तीन चिन्हं: ११बी. पुढच्या तीन खुणा जवळपासच्याच, त्यांना दोन-दोन पुरतात. वेलांटी तर कान्याला लागूनच, तिला एकटा ‘जी’ बास! आणि हा ‘जी’ खूण कोणती तेही सांगतो, ती कुठे बसवायची तेही. ‘.भारत’ही असाच प्रवास करतं. हे डोमेन २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीत सुरू झालं.

उरलं डावीकडचं ‘द्राक्ष’. इथे दोन्ही वेश वर्ज्य! डावीकडच्या नावाचा अर्थ लावायचा हक्क फक्त ज्याच्याकडे पत्र पोचायचं त्या सर्व्हरचा, मधल्यांनी त्याला हात लावायचा नाही, हा ईमेलचा जुना दंडक. मग २०१२ मध्ये नवा नियम आला: नाव देवनागरीतच न्या, पण आधी विचारा. दोन सर्व्हर भेटले की घेणारा आपल्याला काय काय येतं ते सांगतो. त्या यादीत ‘एसएमटीपीयूटीएफ८’ असेल तरच पत्र पुढे, नाहीतर माघारी. जीमेलने २०१४ मध्ये असे पत्ते स्वीकारायला सुरुवात केली.

आहे की नाही कमाल? ‘नाशिक.भारत’साठी डोमेनच्या जुन्या यंत्रणेतला एक खिळाही हलवावा लागला नाही, आणि ‘द्राक्ष’ला मात्र वाटेवरच्या प्रत्येक सर्व्हरचा होकार लागतो!