गोठण हलवली

ऑक्टोबरचं ऊन चटके द्यायला लागलं की माळावर पांगलेली गुरं आपोआप ओढ्याकडे वळतात. पारनेर तालुक्यातल्या एका गुराख्याच्या, म्हणजे तात्यांच्या मागे चालताना ही वेळ नेमकी गाठता आली. दिवस कासराभर वर असताना निवांत चरणाऱ्या गायी अकराच्या सुमारास माना वर करून उताराला लागल्या. पाणी पिणं चार-पाच मिनिटांत उरकलं. खरा प्रश्न त्यानंतरचा. काठावर गारवा, करंजाची सावली, खायला कोवळा लव्हाळा. मग जनावर तिथून कशाला हलेल?

"पाणी पिलं का वर काढायचं," तात्या म्हणाले. "एकदा बसलं, तर मंग दिवस कलेपर्यंत उठत नाही." आणि त्यांनी काठी आपटून हाळी दिली.

जनावर काठावर रेंगाळलं की काय होतं, ते ओढ्याच्या वरच्या अंगाला दिसतं. तिथे कुणाची राखण नाही. काठाच्या वरच्या थराला गवताची मुळं धरून ठेवतात. खालची माती पाण्याने आधीच पोखरलेली असते. तीन-साडेतीनशे किलोची गाय अशा कडेवर उभी राहिली की खूर घोट्यापर्यंत रुततो आणि उपसताना मातीचं ढेकूळ घेऊनच वर येतो. खड्ड्यात पाणी साचतं. शेजारी दुसरा खड्डा, मधे भेग, आणि एखाद्या दिवशी हातभर रुंदीची कड गवतासकट पाण्यात बसते. पुढचा पूर ती माती घेऊन जातो. असं वर्षानुवर्षं चाललं की ओढा रुंदावतो, उथळ होतो, आणि पसरलेलं पाणी उन्हात तापून लवकर आटतं. शेणामुताची घाण वेगळीच.

तात्यांच्या बाजूला पाण्यात उतरायला एकच जागा आहे. दगड-मुरूम ठोकून केलेला रुंद उतार, तोही ओढा सरळ वाहतो तिथे. वळणाच्या बाहेरच्या काठाला धार आपटते. तिथे वाट पाडली तर काठ पहिल्याच पुरात गेला म्हणून समजा. बाकी काठावर निर्गुडी लावली आहे, कारण तिला जनावर तोंड लावत नाही. तिच्या आडोशाला गाळ अडला आणि त्यात वाळ्याने मूळ धरलं.

दुपारची गोठण आता माळावरच्या कडुनिंबाखाली असते. विहिरीजवळचा हाळ तिथून हाकेच्या अंतरावर, आणि झाडाच्या बुंध्याशी मिठाचा खडा. मिठाच्या ओढीने गुरं स्वतःहून चढ चढतात, हे पाहून मला गंमत वाटली. हाळ मात्र घासावा लागतो. शेवाळ धरलं की गाय नुसतं नाक लावून माघारी फिरते, आणि मग तिला ओढाच आठवतो.

पावसाळाभर काठाच्या पट्ट्यात गुरं अजिबात नाहीत. मारवेलचं बी दिवाळीच्या आगेमागे झडलं की विळ्याने कापून भारे न्यायचे. जमीन कडक झाल्यावर थोडे दिवस चराई चालते. उन्हाळ्यात माळ वाळतो, हिरवं तेवढं काठालाच उरतं, तेव्हा पुन्हा बंद.

राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारने चराईबंदीच केली आणि त्याचं फळ डोळ्यांना दिसतं. पण सरसकट बंदीचा भार आधी पडतो तो बिनजमिनीच्या, दोन शेळ्यांवर संसार असलेल्या घरावर. ज्याचा बांधच नाही त्याने चारा कापायचा कुठून? मला वेळेची राखण अधिक न्याय्य वाटते, आणि ती पुरेशी ठरू शकते. अमेरिकेच्या नेवाडा राज्यात सूझी क्रीक या ओढ्यावर 1990च्या दशकापासून गायी न हटवता ऐन उन्हाळ्यातली चराई आवरली गेली. काठावर विलोची झाडं परतली, पुढे बीव्हर आले आणि त्यांनी बांध घालून पाणी अडवलं.

अर्थात राखणीला माणूस लागतो, दिवसभर आणि उन्हात. तात्यांना जनावरामागे महिन्याचे ठरलेले पैसे मिळतात, तेही वेळेवर नाहीत. आणि म्हशींचं कोडं सुटलेलं नाही. त्यांना घाम फारसा येत नाही, काळं कातडं तापतं, डुंबल्याशिवाय भागत नाही. म्हशीवाल्यांनी माळावर हौद मागितला आहे. तो भरायचा कुणी, यावर ग्रामसभा दोनदा अडली.