ठिकाण मिळेना, तर ॲपने किती वेळ थांबावे?

मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट सुरू झाली. मोटार बोटीवर चढवली की सुमारे तासाभरात मांडव्यास उतरते. पेणमार्गे शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा वाचतो. आम्हा कापडवाल्यांना हे सोयीचे. मात्र माल पोचल्याची नोंद हल्ली मोबाईलच्या ॲपवर करावी लागते, त्यासाठी ॲप ठिकाण मागते, आणि कित्येकदा चक्र फिरतच राहते. नोंद नाही तर पैसे अडकले.

कारण समजून घेऊ. फोन आपले ठिकाण उपग्रहांवरून काढतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत व निदान ४ उपग्रहांचा संदेश लागतो. उपग्रह स्वतः कोठे आहे ही माहिती तो दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो. शहरात हीच माहिती मोबाईलच्या जाळ्यातून तयार मिळते, म्हणून ठिकाण पटकन कळते. पाण्यावर जाळे विरळ झाले की फोनला ती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते. त्यात फोन खालच्या मजल्यावर गाडीत असेल तर डोक्यावर लोखंड! मग संदेश यायचा कोठून?

अशा वेळी किती थांबायचे हे ॲप लिहिणारा ठरवतो. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ॲपसाठी नियमच असा आहे की मुदत लिहिली नाही तर ती अमर्याद धरली जाते. शिवाय ग्राहक परवानगीचे बटण दाबण्यास जो वेळ लावतो तो या मुदतीत मोजत नाहीत. त्याची सोय वेगळी करावी लागते.

आमच्या मते दुकानात १५ सेकंद पुरेत. जेटीवर नुकत्याच उतरलेल्या माणसाला मात्र ४० सेकंद तरी द्यावेत, कारण उपग्रहाची एक फेरीच ३० सेकंदांची. पाच सेकंदांत हात झटकणारे ॲप म्हणजे ताग्याला हात लावण्याआधीच गिऱ्हाईकाला वाटेला लावणारा दुकानदार! मुदत संपली की शोधही खरोखर बंद व्हावा, नाही तर बॅटरी उतरत राहते.

ठिकाण न मिळाल्यास काही ॲप आधीचे साठवलेले ठिकाण देतात. येथे सावध राहावे. माणूस मांडव्यात आणि नोंदीत भाऊचा धक्का, असे झाल्यास मोबदल्याचा तंटा ठरलेला. जुने ठिकाण किती मिनिटांपर्यंत चालेल, हेही लिहून घ्यावे. शून्य अक्षांश, शून्य रेखांश असे तर मुळीच भरू देऊ नये. ती जागा आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात, भर समुद्रात आहे. त्याऐवजी ‘ठिकाण मिळाले नाही’ असे वेळेसह नोंदवावे आणि बिल्टीचा फोटो घेऊन काम पुढे जाऊ द्यावे.

ज्यांना ॲप बनवून घ्यायचे आहे त्यांनी शेवटचा हप्ता चुकता करण्यापूर्वी ते एकदा बोटीच्या खालच्या मजल्यावर, गाडीत बसून चालवून पाहावे.