मुद्रणपट्ट-पुरवठा
मुद्रणपट्ट-पुरवठा : स्वतःची पट्टनिर्मितीची यंत्रणा असलेल्या मुद्रणालयाने मोबदला घेऊन इतर लहान मुद्रणालयांना तयार पट्ट (प्लेटी) करून देण्याचा व्यवहार. ऑफसेट पद्धतीच्या चौरंगी छपाईस निळा, किरमिजी, पिवळा व काळा या रंगांसाठी चार स्वतंत्र ॲल्युमिनियम पट्ट लागतात. १९९०–२००० या दशकात संगणकावरील मजकूर व चित्रे लेसर किरणांनी थेट पट्टावर उमटविणारी यंत्रे प्रचारात आली व फिल्मचा टप्पा गळाला. पण ही महागडी यंत्रे लहान मुद्रणालयांच्या आवाक्याबाहेर असतात. बाहेरच्या कामामुळे मोठ्या मुद्रणालयाचे यंत्र रिकामे राहत नाही व त्याची किंमत लवकर वसूल होते. मात्र पट्टासाठी दिलेल्या मजकुरावरून लहान मुद्रणालयाचे ग्राहक प्रतिस्पर्ध्यास कळतात आणि पट्टास उशीर झाल्यास त्याची छपाई खोळंबते. त्यामुळे गोपनीयता व वक्तशीरपणा यांवरच हा व्यवहार टिकून राहतो.