जुने विज्ञानपट आणि आजचा प्रेक्षक : कालबाह्यतेच्या निकषांचा विचार

प्रस्तावना :
विज्ञानपटाइतकी काळाची कठोर परीक्षा अन्य चित्रपटप्रकारांना क्वचितच द्यावी लागते. ऐतिहासिक चित्रपट जुना झाला तरी त्यातील काळ मुळात भूतकाळच असतो. विज्ञानपट मात्र बहुधा भविष्याविषयी बोलतो आणि ते भविष्य एके दिवशी प्रत्यक्ष येऊन ठेपते. संगणकनिर्मित दृश्यांना सरावलेल्या विद्यार्थ्यांची जुना विज्ञानपट पाहतानाची पहिली प्रतिक्रिया पुष्कळदा हसण्याची असते. हे हसू कशामुळे येते आणि ते ओसरल्यावर काय उरते, याचा विचार प्रस्तुत लेखात 'मेट्रोपोलिस' (१९२७), 'गोजिरा' (१९५४) आणि '२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८) या तीन चित्रपटांच्या आधारे केला आहे.

प्रचलित निकष व त्यांची मर्यादा :
जुन्या विज्ञानपटाचे मूल्यमापन सामान्यतः दोन निकषांवर होते. त्यातील भाकिते खरी ठरली काय आणि त्यातील दृश्यचमत्कार आजही खरे वाटतात काय, हे ते निकष होत. पैकी पहिला निकष फार दूर नेत नाही. जर्मन दिग्दर्शक फ्रित्झ लांग यांच्या १९२९ मधील 'फ्राउ इम मोंड' या चित्रपटात रॉकेटतज्ज्ञ हेर्मान ओबेर्थ यांच्या सल्ल्याने अनेक टप्प्यांचे रॉकेट आणि उड्डाणापूर्वीची उलटी गणती दाखविली होती. दोन्ही गोष्टी पुढे प्रत्यक्षात आल्या. तरीही लांग यांचा आज अधिक पाहिला व चर्चिला जातो तो त्याआधीचा 'मेट्रोपोलिस'. आणि त्यात अशी अचूक तांत्रिक भाकिते जवळजवळ नाहीत.

'गोजिरा' : रबरी पोशाख आणि अणुबॉम्बची छाया :
दुसऱ्या निकषाची कसोटी 'गोजिरा'वर घेता येते. दिग्दर्शक ईशिरो होंडा यांच्या या जपानी चित्रपटातील महाकाय प्राणी म्हणजे पोशाखातील नट, आणि त्याने तुडविलेले टोकियो म्हणजे लहान प्रतिकृती, हे आजच्या प्रेक्षकाला सहज ओळखू येते. तथापि १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. नौकेवरील २३ जणांना बाधा झाली आणि त्यांपैकी एकाचा सप्टेंबरमध्ये मृत्यू झाला. नोव्हेंबरमध्ये प्रदर्शित झालेल्या 'गोजिरा'चा आरंभ समुद्रावरील प्रखर प्रकाशाने आणि नष्ट होणाऱ्या जहाजाने होतो. पुढे जखमींनी भरलेले रुग्णालय दिसते. गोजिराला मारू शकणारे साधन ज्याच्या हाती आहे तो शास्त्रज्ञ सेरिझावा, त्या साधनाचे शस्त्र होईल या भीतीने आपली टिपणे जाळतो आणि स्वतःही त्याबरोबर मरण पत्करतो.

या चित्रपटाची अमेरिकी आवृत्ती १९५६ मध्ये आली. तीत एका अमेरिकी पत्रकाराची दृश्ये घातली गेली आणि अणुचाचण्यांविषयीचे संदर्भ बरेच सौम्य झाले. पोशाख तोच, प्रतिकृती त्याच. परंतु मूळ प्रश्न क्षीण झाल्याने उरला तो प्रामुख्याने राक्षसपट. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवल्या असता चित्रपटाचे टिकणे दृश्यचमत्कारावर किती थोडे अवलंबून असते, हे स्पष्ट होते.

'२००१' : निर्दोष यंत्रे, जुना समाज :
स्टॅन्ले कुब्रिक यांच्या '२००१'चे उदाहरण नेमके उलट आहे. मानव चंद्रावर उतरण्याच्या एक वर्ष आधी आलेल्या या चित्रपटातील अंतराळ आजही विश्वसनीय वाटते. फिरते यान दाखविण्यासाठी खरोखर फिरणारा प्रचंड सेट उभारला होता, आणि निर्वात अवकाशात स्फोटांचे आवाज नाहीत. मात्र चंद्राकडे प्रवासी नेणारी पॅन ॲम कंपनी १९९१ मध्ये बंद पडली. चित्रपटातील सोव्हिएत शास्त्रज्ञांचा देशही त्याच वर्षी विसर्जित झाला. याहून अधिक खटकते ती समाजरचना. गुरूकडे निघालेल्या यानावरील पाचही अंतराळवीर पुरुष आहेत आणि अमेरिकी स्त्रिया प्रामुख्याने प्रवाशांच्या सेवेत दिसतात. यंत्रांची कल्पना करताना जी प्रतिभा दशके ओलांडते, ती स्त्री-पुरुषांच्या कामाची वाटणी मात्र १९६८ चीच गृहीत धरते.

याउलट हाल हा संगणक जुना झालेला नाही. मोहिमेचा खरा हेतू जागे असलेल्या दोन्ही अंतराळवीरांपासून लपवून तो केवळ यंत्राला सांगितलेला असतो. निर्णय यंत्रावर सोपविल्यानंतर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न संवाद साधणारी कृत्रिम बुद्धिमत्ता २०२२ पासून सामान्यांच्या हाती आल्याने अधिकच निकडीचा झाला आहे.

'मेट्रोपोलिस' : एकाच चित्रपटातील दोन काळ :
'मेट्रोपोलिस'मध्ये टिकाऊ आणि कालबाह्य असे दोन्ही अंश शेजारी आढळतात. जमिनीखाली राहणारे, पाळी बदलताना एका लयीत मान खाली घालून चालणारे कामगार आजही अस्वस्थ करतात. परंतु मालक व कामगार यांच्यात हृदयाने मध्यस्थी करावी हा शेवट भाबडा वाटतो. स्वतः लांग यांनीही पुढे त्याविषयी असमाधान व्यक्त केले होते. स्त्रीचे साध्वी आणि मोहिनी असे दुभंगलेले चित्रणही त्याच काळाचे आहे.

येथे आवृत्तीचा मुद्दाही महत्त्वाचा ठरतो. १९२७ च्या प्रथम प्रदर्शनानंतर या चित्रपटाचा मोठा भाग कापला गेला. २००८ मध्ये ब्युनोस आयरिस येथे जवळजवळ पूर्ण प्रत मिळाली आणि २०१० मध्ये सुमारे २५ मिनिटांची भर पडलेली आवृत्ती प्रदर्शित झाली. कथानक विस्कळीत असल्याचा जुना आक्षेप काही अंशी कात्रीचा होता.

समारोप :
या विवेचनावरून असे म्हणता येईल की, ज्या ठिकाणी चित्रपटाने आपल्या काळाला प्रश्न विचारला त्या ठिकाणी तो टिकला. ज्या ठिकाणी आपला काळ निमूटपणे गृहीत धरला त्या ठिकाणी तो जुना झाला. तंत्राचे जुनेपण काही मिनिटांत डोळ्यांच्या सवयीचे होते, गृहीतकांचे जुनेपण सवयीचे होत नाही. म्हणून वर्गात असे चित्रपट दाखविताना शक्यतो मूळ वा पुनर्स्थापित आवृत्ती निवडावी, निर्मितीकाळाची पार्श्वभूमी आधी सांगावी आणि खटकणारे भाग न वगळता त्यांवरच चर्चा घडवावी. १९६८ च्या भविष्यचित्रात कोणाला स्थान नव्हते हे ज्या विद्यार्थ्याला दिसते, त्याला आजच्या भविष्यचित्रातूनही कोण वगळले जात आहे, हे विचारता येईल.