मेंदूतली वीज (लेखांक ६) : डॉ. कोटणीसांचा आजार

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट सोलापूरच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. १९१० साली सोलापुरात जन्म, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिक्षण, १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात निवड. पुढे जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या सैनिकांवर डोंगरातल्या गावांत शस्त्रक्रिया, बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचं संचालकपद, तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न. आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा असताना, मृत्यू. वय अवघं ३२.

मृत्यू कशाने झाला, यावर भाषणांत एक ठरलेला शब्द येतो: अतिश्रम. श्रम तर अफाट होतेच. पण त्यांचा जीव घेतला तो एपिलेप्सीने, एकामागून एक आलेल्या फिट्सनी. ज्या माणसाचा सोलापूरला एवढा अभिमान आहे, त्याच्या आजाराचं नाव घेताना आपला आवाज बारीक का होतो? आज याच आजाराबद्दल बोलू.

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं की मेंदूतली प्रत्येक पेशी सोडियम-पोटॅशियमच्या ये-जा करणाऱ्या कणांवर एक छोटासा विद्युत संदेश तयार करते. अशा कोट्यवधी पेशी एकाच वेळी कामाला असतात, पण प्रत्येकीची लय निराळी. पेशीला चेतवणारं मुख्य रसायन ग्लुटामेट आणि आवरून धरणारं गाबा. या दोघांच्या ओढाताणीत मेंदूचा तोल टिकतो. हा तोल कुठे तरी ढळला की शेजारशेजारच्या असंख्य पेशी एकाच क्षणी, एकाच ठेक्यात पेटू लागतात. सोलापूरच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये शंभर माग आपापल्या वेगाने खडखडत असतात, त्याचा एक सलग आवाज कानावर येतो. तेच शंभर माग अचानक एकदम, एकाच ठोक्याला आपटू लागले तर भिंती हादरतील. फिट म्हणजे मेंदूतला असा एकत्र ठोका. तो हाताची हालचाल सांभाळणाऱ्या भागात उठला तर हात झटके देतो. कानशिलाजवळच्या भागात उठला तर माणूस टक लावून बसतो, ओठ चाटतो, बोललेलं त्याच्यापर्यंत पोचत नाही. आणि दोन्ही अर्धगोलांत पसरला तर शुद्ध हरपून माणूस कोसळतो.

हे सगळं कागदावर दिसू शकतं हे जगाला कळलं ते हान्स बर्गर या जर्मन मानसोपचारतज्ज्ञामुळे. येना शहरात १९२४ साली त्यांनी माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा या लहरी टिपल्या, आणि पाच वर्षं पुन्हा पुन्हा पडताळून १९२९ साली प्रसिद्ध केल्या. सुरुवातीला फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. १९३५ साली बोस्टनमध्ये गिब्स, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी दाखवून दिलं की काही क्षण हरवल्यासारख्या होणाऱ्या मुलांच्या मेंदूत त्या वेळी सेकंदाला तीन या ठेक्याने टोकदार लहर आणि तिच्यामागे संथ लहर, अशी जोडी उमटते. वर्गात "लक्ष नाही" म्हणून छडी खाणाऱ्या काही मुलांचा खरा आजार हाच असतो. दहा-पंधरा सेकंद मूल थबकतं, डोळ्यांची उघडझाप होते, मग काही घडलंच नाही अशा थाटात ते पुढे लिहू लागतं. शिक्षकांनी हे ओळखलं तर त्या मुलाची वर्षं वाचतील.

मेंदूतल्या या लहरी टिपणारी तपासणी म्हणजे ईईजी. ती करताना डोक्यावर वीसेक तारा चिकटवतात. शॉक वगैरे काही देत नाहीत, यंत्र फक्त ऐकतं. जे ऐकायचं ते मोजायचं मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षांश भागात. म्हणून केस तेलकट नकोत. डोळे मिटून निवांत पडलेल्या मोठ्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला ८ ते १३ लहरी दिसतात. त्या मंदावल्या की डॉक्टर सावध होतात. यकृत निकामी होऊन रक्तातली घाण मेंदूपर्यंत पोचली की तीन टप्प्यांच्या ठराविक लहरी दिसू शकतात. गोवर होऊन गेल्यावर काही वर्षांनी क्वचित एखाद्या मुलाला एसएसपीई हा भयंकर आजार गाठतो. त्यात दर काही सेकंदांनी घड्याळ लावल्यासारखा एक मोठा उसळा येतो. या आजारावर खात्रीचा उपाय नाही, मात्र गोवराची लस वेळेवर दिली तर तो टळतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. "ईईजी नॉर्मल आला, म्हणजे आजार नाही," असं मानून गोळ्या बंद करणारे खूप आहेत. एपिलेप्सी असलेल्या साधारण निम्म्या लोकांचा पहिला ईईजी नॉर्मल येऊ शकतो, कारण यंत्राने ऐकलं ती वीस-तीस मिनिटं मेंदू शांत होता. उलट, कधीच फिट न आलेल्या काहींच्या ईईजीतही टोकदार लहरी सापडतात, आणि त्यांना औषधाची गरज नसते. निदान ठरतं ते प्रसंगाच्या वर्णनावरून. पाहणाऱ्याने मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवलं तर त्यासारखी मदत नाही.

ईईजीच्या आदल्या रात्री कमी झोपायला सांगतात, यामागे कारण आहे. जागरणाने मेंदूचा उंबरठा खाली येतो आणि लपलेला दोष वर येतो. कोटणीसांनी १९४० मधल्या एका लढाईच्या वेळी ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असं त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. जागरणाने आजार जन्माला येत नाही, पण ज्याला तो आहे त्याच्यासाठी जागरण म्हणजे फिटला निमंत्रण. आमच्या जिल्ह्यात हे वेगळं सांगायला हवं. कारखान्यातली रात्रपाळी, जागर, पंढरीची वारी, एकादशीचा उपास म्हणून चुकवलेली सकाळची गोळी: झोप आणि गोळी या दोन्ही गोष्टी एकदम सुटतात ते हेच दिवस. वारी जरूर करावी, गोळी पिशवीत असावी. ती घेतल्याने उपास मोडत नाही.

कोटणीसांच्या वेळी औषधं नव्हती असं नाही. फिनोबार्बिटोन १९१२ पासून या आजारावर वापरात होतं, फेनिटॉइन १९३८ साली आलं होतं. पण युद्धाने वेढलेल्या त्या डोंगरात साध्या औषधांचीही ददात होती. आज फिनोबार्बिटोन ही अगदी स्वस्त गोळी आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की नीट उपचार मिळाले तर एपिलेप्सीच्या १०० पैकी ७० रुग्णांना फिटशिवाय जगता येईल. ऐंशी वर्षांपूर्वी ज्याला औषध मिळालं नाही त्याच्यासाठी हळहळायचं, आणि आज दुकानात ते असताना अंगाऱ्यावर वर्षं घालवायची, हे मला पटत नाही.

कारणं अनेक: जन्मताना गुदमरणं, दुचाकीवरून पडून डोक्याला मार, लकवा, मेंदूतला क्षय, काही वेळा आनुवंशिकता. आपल्या देशात एक कारण फार आढळतं, आणि ते टाळण्याजोगं आहे: पट्टकृमीची अंडी. माणसाच्या विष्ठेतून ती मातीत, पाण्यात आणि तिथून न धुतलेल्या कोथिंबीर-मुळ्यावर येतात. पोटात गेल्यावर अळी मेंदूत जाऊन गाठ करते. त्यामुळे आयुष्यभर मांसाला न शिवलेल्या माणसालाही ती होते.

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. चप्पल, कांदा, हातात किल्ली यांनी फिट थांबत नाही. बहुतेक फिट्स दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात. तोंडात चमचा घालू नका, दात तुटतात. पाच मिनिटं उलटली, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी फिट आली, तर १०८ ला फोन करा. सलग फिट्समध्ये श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात, अशा वेळी दवाखान्यातलं इंजेक्शनच जीव वाचवतं.

लपवाछपवी सर्वांत जास्त होते ती मुलींच्या बाबतीत. १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यातच लग्नाच्या अटींमध्ये वेडाच्या शेजारी एपिलेप्सी लिहिलेली होती. ती त्या वर्षी दुरुस्ती करून काढून टाकली. कायदा बदलला, पण बैठकीतला प्रश्न अजून बदललेला नाही. सासरी आजार न सांगता गेलेली मुलगी गोळ्या कपाटात दडवून घेते, कधी तरी चुकवते, आणि मग सर्वांसमोर फिट येते. पुण्यात यशोदा वाकणकर यांच्या 'संवेदना' या आधारगटाने एपिलेप्सी सांगून लग्न जुळवण्याचं काम हाती घेतलं, ते मला म्हणूनच मोलाचं वाटतं. शिवाय उघड बोलण्याला एक वैद्यकीय कारणही आहे. व्हॅल्प्रोएट हे चांगलं औषध गर्भातल्या बाळाला अपाय करू शकतं. मूल हवं असं ठरल्यावर, दिवस जाण्याच्या आधीच डॉक्टरांना भेटलं तर औषध बदलता येतं, फॉलिक अ‍ॅसिड सुरू करता येतं. दिवस गेल्यावर घाबरून एकदम गोळी बंद करणं मात्र आई आणि बाळ दोघांनाही घातक. एपिलेप्सी असलेल्या बहुसंख्य स्त्रियांची बाळं निरोगी जन्मतात.

(पुढील लेखांकात : झोपेतल्या लहरी)